बॉनेटची पिन

मी भित्री आहे, हे काही गुपित नाही. लिफ्टमध्ये पाय ठेवण्याआधी मी लिफ्ट खरंच आली आहे ना हे वाकून बघते. गॅस बंद केला की नाही हे बघायला मी जिन्यावरून परत जाते आणि परत जाऊन बघितलं की नाही हे आठवत पुन्हा जाते. ‘भित्री भागूबाई’ हे नाव मला शाळेतच पडलं आणि सासरी ते माझ्याही आधी जाऊन पोचलं. अशा बाईला मोटारींच्या शर्यतीला नेणं म्हणजे मांजरीला पोहायला नेणं. पण गोगल मला नेते. दर वेळी नेते, आणि मी दर वेळी जाते.

गोगल माझी शाळेपासूनची मैत्रीण. आठवडाभर ती शाळेची व्हॅन चालवते, आणि इतकी हळू चालवते की आतल्या पोरांनी तिचं नाव गोगलगाय ठेवलं. एकदा एका आजोबांनी काठी टेकत टेकत तिच्या व्हॅनला मागे टाकलं, अशी पोरं शपथेवर सांगतात. आम्ही त्यातली गाय काढली आणि गोगल ठेवलं. पण गोगलगाय अन् पोटात पाय म्हणतात ते उगाच नाही. हीच बाई एखाद्या रविवारी डोक्यावर हेल्मेट चढवते, सीट सोडून आतलं सगळं काढून टाकलेल्या एका जुन्या छोट्या गाडीत बसते आणि अशी सुटते की व्हॅनमधली पोरं तिला ओळखणारच नाहीत.

शर्यत हौशी लोकांची. इथे पोटासाठी कोणी गाडी चालवत नाही. एक बेकरीवाला आहे, एक गणिताचा मास्तर आहे, एकाचं चष्म्याचं दुकान आहे. सोमवारी सगळे आपापल्या कामाला जातात, म्हणजे जे धड उरतील ते. विमानांची एक जुनी, बंद पडलेली धावपट्टी आहे, तिच्यावर जुन्या टायरांचे ढीग मांडून वळणं केलेली आहेत. बक्षीस म्हणजे एक कप, तोही आतून पत्र्याचा. त्या पत्र्यासाठी माणसं मान मोडून घ्यायला तयार असतात.

गोगलचा नवरा येत नाही. ‘मला बघवत नाही’ म्हणतो आणि घरी बसून पंखे पुसतो. मला बघवतं असं त्याला कोणी सांगितलं कोण जाणे. येतो तो तिचा धाकटा दीर. त्याचं स्वतःचं गॅरेज आहे आणि गाडीचं सगळं तोच बघतो. मी त्याला भावोजी म्हणते. म्हणजे आमची टीम तीन माणसांची. एक चालवणारी, एक दुरुस्त करणारा आणि एक घाबरणारी.

घाबरणं सोडून मला आणखी एक काम आहे, फळी धरायचं. गाडी समोरच्या सरळ पट्ट्यावरून जाते तेव्हा कठड्यावरून तिला फळी दाखवायची. एका बाजूला खडूने लिहायचं, कितवा नंबर आहे आणि किती फेऱ्या राहिल्या. दुसऱ्या बाजूला रंगाने कायमचं लिहिलेलं आहे, ‘आत ये’. ती बाजू दिसली की चालवणाऱ्याने काही न विचारता गाडी आत आणायची, असा नियम. गेल्या शर्यतीत मी ती बाजू दाखवली होती. तिच्या गाडीतून धूर येताना मी स्वतः पाहिला होता. ती बिचारी हातची शर्यत सोडून आत आली, आणि धूर निघाला पुढच्या बेकरीवाल्याच्या गाडीचा. लोक अजून हसतात. तेव्हापासून भावोजींनी ‘आत ये’वर आडवी जाड चिकटपट्टी मारून ठेवली आहे.

‘ताई, वाईट वाटून घेऊ नका,’ पट्टी मारताना ते म्हणाले होते, ‘पण तुमच्या हातात हे म्हणजे माकडाच्या हातात कोलीत.’

वाईट वाटलंच. पण दात आपले, ओठही आपलेच.

त्या दिवशी सकाळी आम्ही पोचलो तेव्हा आधीची शर्यत चालू होती. उतरले आणि माझ्या डोळ्यांदेखत एक निळी गाडी टायरांच्या ढिगात शिरली. आवाज असा झाला की थर्मास माझ्या हातातून पडला. आतला माणूस आपणहून बाहेर आला, उभा राहिला, आणि मग खाली बसला. त्याला अँब्युलन्सकडे नेताना त्याचा एक बूट रस्त्यातच राहिला. तो बूट कोणी उचलत नव्हतं. शेवटी मीच जाऊन उचलला आणि त्याच्या बायकोच्या हातात दिला. तिने तो छातीशी धरला आणि मला म्हणाली, ‘काही नाही झालेलं, काही नाही.’ मी काही विचारलंही नव्हतं.

परत आले तर गोगल उकडलेलं अंडं सोलत होती. निवांत. मीठ लावून खात होती.

‘आज जाऊ नकोस,’ मी म्हणाले.

‘दर वेळी म्हणतेस.’

‘दर वेळी खरंच म्हणते.’

‘अगं, व्हॅनमध्ये वीस पोरं असतात,’ ती म्हणाली. ‘प्रत्येकाची आई खिडकीत उभी. ब्रेक लावला तरी कोणाचं तरी नाक आपटेल म्हणून मी श्वास रोखून चालवते. इथे मी एकटी असते. इथे मी मोकळा श्वास घेते. तुला नाही कळायचं.’

मला खरंच नाही कळत. मोकळा श्वास घ्यायला माणसं बागेत जातात. आणि पुढचं वाक्य तर मला पाठच होतं.

‘आणि हे बघ, आज गाडी छान चालतेय. आज तिसरी तरी येणारच. एकदा तरी मला ते पत्र्याचं भांडं घरी नेऊ दे. फळीवर फक्त आकडा दाखव. दुसरं काही दाखवलंस तरी मी बघणार नाही, आधीच सांगते.’

आता ती पिन. ती समजल्याशिवाय पुढचं काहीच समजणार नाही. शर्यतीच्या गाडीच्या बॉनेटला कंपनीचं कुलूप ठेवत नाहीत. आग लागली तर ते झटकन उघडायला हवं. म्हणून पुढच्या दोन कोपऱ्यांवर एकेक लोखंडी दांडी बॉनेटमधून वर येते, आणि तिच्या भोकातून एक जाड वाकडी पिन आडवी घालतात. दोन दांड्या, दोन पिना. त्या हरवू नयेत म्हणून प्रत्येकीला गाडीशी बांधणारी बारीक तार असते. आमच्या डाव्या पिनेची तार तुटली होती. ‘पुढच्या रविवारी बसवतो,’ भावोजी म्हणाले होते. गॅरेजवाल्याची स्वतःची गाडी, म्हणजे शिंप्याच्या पोराचा उसवलेला खांदा.

आणि शिंपी मीच. म्हणजे मी शाळांचे गणवेश शिवते. दिवसभर टाचण्यांशी काम. एका हाताने कापड धरायचं आणि दुसऱ्या हातातली टाचणी आपसूक माझ्याच कॉलरला जायची. हात विचारत नाही, लावून मोकळा होतो. घरी आल्यावर माझ्या कॉलरला काय काय सापडतं. एकदा तर दाराची कडी अडकवायचा आकडा सापडला होता आणि आम्ही रात्रभर दार खुर्ची लावून बंद ठेवलं होतं.

शर्यतीच्या आधी भावोजींनी तेल बघायला बॉनेट उघडलं. पिना माझ्या हातात दिल्या. बघून झालं, बॉनेट आपटून बंद केलं, तेवढ्यात रांगेत या म्हणून भोंगा वाजला.

‘ताई, ती डावी तुम्ही घाला, ही मी घालतो,’ म्हणून त्यांनी एक पिन घेतली.

तेवढ्यात गोगलने आतून हाक मारली. ‘अगं ए, पट्टा ओढ ना, खांद्याला सैल लागतोय.’

मी गेले. खिडकीतून आत वाकून दोन्ही खांद्यांचे पट्टे दोन्ही हातांनी ओढले. ‘घट्ट?’ ‘घट्ट.’ ‘अजून?’ ‘अगं श्वास घेऊ दे मला.’ मग तिने हातमोजा घातला, माझ्या डोक्यावर टपली मारली आणि गाडी निघाली. मी कठड्याकडे पळाले.

शर्यत सुटली. सगळ्या गाड्या एकदम पहिल्या वळणात घुसतात तेव्हा मी नेहमी डोळे मिटते. या वेळीही मिटले. उघडले तेव्हा ती पाचवी होती. मग चौथी. बेकरीवाला तिच्या पुढे तिसरा होता आणि प्रत्येक वळणाला ती त्याच्या मागच्या दिव्यांना जाऊन चिकटत होती. भावोजी उड्या मारत होते. मी फळीवर ‘४’ लिहिला, दाखवला. तिने बोट वर केलं. म्हणजे दिसलं.

पुढचा आकडा लिहायला मी खडू शोधू लागले. एका खिशात नव्हता, दुसऱ्या खिशात नव्हता. सवयीने हात कॉलरला गेला.

कॉलरला पिन होती.

मी ती काढून हातात घेतली आणि बघत राहिले. ती दुसरं काहीतरी असेल, असं मनाशी म्हणून बघितलं. ती दुसरं काही नव्हतं. जाड, वाकडी, एका टोकाला तार तुटल्याचा काटा.

‘भावोजी,’ मी म्हणाले. मी त्यांचा दंड धरून पिन डोळ्यांपुढे धरली.

उडी मारायला वर गेलेला तो माणूस खाली आला तो वेगळाच होऊन आला. एवढ्या वर्षांत मी त्यांना कधी घाबरलेलं पाहिलं नव्हतं. ते बघून माझी उरलीसुरली हिंमत गेली.

‘एका पिनेवर राहील,’ ते म्हणाले. ‘पत्रा जड आहे. मागे बिजागऱ्या आहेत. राहील ताई.’

‘आणि नाही राहिलं तर?’

त्याचं उत्तर मला माहीत होतं. सरळ पट्ट्यावर गाडी पूर्ण वेगात असते. वारा एका कोपऱ्यातून आत शिरला की उरलेली एक पिन किती तग धरणार? बॉनेट उलटून समोरच्या काचेवर येणार, आणि आत बसलेल्या बाईला पांढऱ्या पत्र्याशिवाय काही दिसणार नाही. पट्ट्याच्या शेवटी टायरांचा तोच ढीग होता.

मी फळी उलटी केली आणि चिकटपट्टी ओरबाडली. अर्धीच निघाली. नखाने खरवडून उरलेली काढली. गोगल आली, पट्ट्यावरून सुसाट आली. मी कठड्यावर पोटापर्यंत वाकून ‘आत ये’ तिच्या तोंडासमोर धरलं.

तिने बघितलं. तिने बघितलं हे मी शपथेवर सांगते, कारण हेल्मेट माझ्याकडे वळलं. मग तिने हात वर केला आणि माशी वारावी तसा हलवला. आणि गेली.

मला ती हेल्मेटच्या आत हसतानाही दिसली. लांडगा आला रे आला.

पुढच्या फेरीला भावोजीही माझ्यासोबत कठड्यावर आले. दोघांनी दोन्ही बाजूंनी फळी धरली, हात हलवले, ओरडलो. इंजिनांच्या आवाजात आमचं ओरडणं आम्हालाच ऐकू येत नव्हतं. पण आता ती बेकरीवाल्याच्या अगदी बाजूला होती. तिने फळीकडे मानही वळवली नाही. आणि ती समोरून जाताना मला बॉनेटचा डावा कोपरा थरथरताना दिसला. किंवा दिसल्यासारखा वाटला. भित्यापाठी ब्रह्मराक्षस. मला काय दिसतं आणि काय वाटतं याचा मलाच भरवसा नव्हता, तर दुसऱ्यांनी का ठेवावा?

‘झेंडा दाखवायला सांगते,’ मी म्हणाले.

‘ताई, थांबा. झेंडा दाखवला तर शर्यत गेली तिची. ती तिसरी येतेय. आयुष्यात पहिल्यांदा.’ ते रडवेले झाले होते. ‘आणि राहिलं असेल घट्ट, तर? ती पुन्हा बोलणार नाही आपल्याशी.’

‘न बोलायला तरी जिवंत राहू दे तिला,’ मी म्हणाले आणि पळत सुटले.

झेंडेवाला कठड्याच्या पार टोकाला, एका मचाणावर उभा असतो. आठवडाभर तो लोकांचे दात काढतो. मी त्याच्या दवाखान्याच्या पायरीवरून दोनदा परत आलेली आहे, हे त्यालाही माहीत आहे. मला येताना बघून तो आधीच हसला.

‘आज कोणाचा धूर?’

मला धाप लागली होती. मी नुसती पिन वर धरली.

‘ही तिच्या गाडीची? नक्की?’

‘नक्की.’

‘तुमच्याकडे कशी?’

‘माझ्या कॉलरला होती. घालायची राहिली. मला घालायची होती.’

तो हसायचा थांबला. मला वाटलं तो आणखी काही विचारेल, कोणालातरी बोलावेल, पण त्याने तसलं काही केलं नाही. वाकून काळा झेंडा उचलला. मध्ये नारिंगी गोळा असतो त्यावर. म्हणजे तुझ्या गाडीत बिघाड आहे, निमूट आत ये. फळी घरची असते. झेंड्याला नाही म्हणता येत नाही. त्याच्या मदतनिसाने तिच्या गाडीचा नंबर पाटीवर चढवला.

पण झेंडा दिसायला ती समोर यायला हवी. आणि समोर यायचं म्हणजे तो सरळ पट्टा पूर्ण वेगात पार करायला हवा. ती अजून मागच्या वळणांवर होती. मी मचाणाखाली उभी राहिले आणि मला तिचं सगळं नको ते आठवू लागलं. शाळेत माझ्या वाटचं गणित फळ्यावर सोडवायला तीच गेली होती. माझ्या बाळंतपणात दवाखान्याच्या बाकावर ती दोन दिवस बसून होती. आणि मी काय केलं, तर तिच्या जिवाची पिन कॉलरला लावून कठड्यावर येऊन उभी राहिले. दुसऱ्या कोणाच्या हातून झालं असतं तर मी त्याला उभा चिरला असता. मला रडू येत होतं आणि रडायला वेळ नव्हता, कारण डोळे पाण्याने भरले तर गाडी दिसणार नव्हती.

आली. शेवटच्या वळणातून बेकरीवाला आणि ती बरोबरच बाहेर पडले. पट्ट्याच्या अर्ध्यावर ती त्याच्या पुढे होती. तिसरी होती. दातवाल्याने दोन्ही हातांनी झेंडा पसरला. मी बॉनेट सोडून दुसऱ्या कशाकडेही बघत नव्हते. डावा कोपरा उचलला जात होता. या वेळी वाटलं नाही, दिसलं. उचलायचा, आपटायचा, उचलायचा. गाडी पुढून गेली. पट्ट्याच्या शेवटी तिचे लाल दिवे लागले. मग आणखी वेळ लागून राहिले. मग गाडी हळू झाली, कडेला झाली, आणि त्या संथ चालीने ती पुढची अख्खी फेरी पूर्ण करून आत आली.

मी पोचेपर्यंत भावोजी बॉनेटपाशी उभे होते. गोगलने हेल्मेटची काच वर केली. डोळे लालबुंद.

‘काय होतं? काय होतं आता?’ ती ओरडली. ‘मी तिसरी होते! दिसलं नाही का तुला? तिसरी होते मी!’

मी पिन पुढे केली. ‘डावी. मी घातलीच नाही. कॉलरला राहिली.’

ती पिनेकडे बघत राहिली. मग बॉनेटकडे. भावोजींनी डाव्या कोपऱ्याखाली हात घातला. चारही बोटं सहज आत गेली. उजवी पिन वाकून इंग्रजी ‘एस’ अक्षरासारखी झाली होती.

‘सरळ पट्ट्यावर खडखड ऐकू येत होती,’ ती म्हणाली. आवाज अगदी लहान झाला होता. ‘मला वाटलं, वारा आहे.’

‘फळी दाखवली होती गं.’

‘दिसली. दोन्ही वेळा दिसली.’ ती थांबली. ‘मला वाटलं, तूच आहेस.’

मीच होते.

पाठीमागे गाड्या जात होत्या, एकेक करून सगळ्या पुढे जात होत्या. भावोजींनी वाकलेली पिन पकडीने काढली आणि खोक्यातून नवी आणली. पण दांडीत घालताना ती त्यांच्या हातून निसटून खाली पडली. मी ती उचलली. उजव्या दांडीत घातली. डाव्या दांडीत माझ्या हातातली घातली. दोन्ही ओढून बघितल्या. मग बॉनेटच्या दोन्ही कोपऱ्यांखाली नखं घालून, सगळं अंग वर ओढून बघितलं. पत्रा हलला नाही. पुन्हा बघितलं. हलला नाही.

‘झालं?’ गोगलने विचारलं.

‘झालं.’

तिने भावोजींकडे बघितलं नाही, माझ्याकडे बघितलं. हेल्मेटमधून फक्त डोळे दिसत होते, आणि ते घाबरलेले होते. ते मला ओळखता येतात, माझ्याच जातीचे.

‘दोन फेऱ्या राहिल्यात,’ ती म्हणाली. ‘जाऊ?’

इतक्या वर्षांत तिने मला हे कधी विचारलं नव्हतं. मी मात्र त्याचं उत्तर प्रत्येक शर्यतीला घरून तयार करून आणत होते. नको. जाऊ नकोस. उतर खाली, घरी चल, नवऱ्याने पंखे पुसलेत ते बघ. आता नुसतं तोंड उघडायचं होतं. नको म्हटलं असतं तर ती खरंच उतरली असती, तिच्या डोळ्यांत ते स्पष्ट दिसत होतं. आणि उतरली असती तर पुन्हा कधी बसली नसती.

मी पुन्हा एकदा दोन्ही पिना ओढून बघितल्या.

‘जा,’ मी म्हणाले.

‘नक्की?’

‘मी स्वतः घातल्यात. जा.’

तिने काच खाली केली आणि गेली. एवढे दिवस ती माझं न ऐकता जायची, तेव्हा घाबरायला मला बरं पडायचं. आज ती माझं ऐकून गेली होती. मी फळी घेऊन कठड्यावर आले आणि तिच्यावर शेवटचा नंबर लिहायला घेतला, पण भीतीने एवढा साधा आकडाही मला लिहिता येईना.